फॉर्म त्यानं भरला, नंबर माझा लागला

ऑस्ट्रेलियाला जायचं होतं माझ्या नवऱ्याला, आणि नंबर लागला माझा. परत आल्यापासून साकोलीत बहुतेकांना मी एवढंच सांगते. पण लोकांचं तेवढ्यानं भागत नाही. "मंग तो काहून नाई गेला?" असं विचारतात, आणि विचारताना माझ्याकडे असं बघतात जसं काही मी त्याच्या ताटातली पोळी उचलून पळाले. म्हणून एकदाचं नीट सांगून टाकते.

नवऱ्याचं दुकान बसस्टँडसमोर, हायवेच्या कडेला. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि सगळ्या प्रकारचे ऑनलाइन फॉर्म. सकाळी शटर वर गेलं की लोक उभेच असतात. कोणाला उत्पन्नाचा दाखला, कोणाला पोराची शिष्यवृत्ती, कोणाच्या आधारवर बापाचं नाव चुकलेलं. अर्ध्या तालुक्याच्या जन्मतारखा नवऱ्याला तोंडपाठ आहेत. त्यातली खरी कोणती आणि शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली कोणती, तेही. देवापुढे हात जोडून तो दोन सेकंदांत मोकळा होतो, पण 'सबमिट' दाबायच्या आधी फॉर्म तीनदा वाचतो. त्याची खरी श्रद्धा तिथं आहे.

एवढ्या लोकांना तिकिटं काढून देऊन इकडून तिकडे पाठवणारा हा माणूस स्वतः नागपूरच्या पुढे एकदाच गेलेला, तेही कोणाच्या तरी वरातीत. मग त्याला कुठूनसा हा व्हिसा सापडला. वर्किंग हॉलिडे. वर्षभर तिकडे राहायचं, फिरायचं, आणि खर्च निघावा म्हणून मिळेल ते काम करायचं. अटी थोड्या: डिग्री हवी, कामापुरतं इंग्रजी हवं, आणि वय एकतीस पूर्ण झालेलं नको. आधी सगळ्यांनी नाव नोंदवायचं. त्यातून चिठ्ठ्या काढतात तशी नावं काढणार, आणि ज्याचं निघेल त्यानंच पुढचा अर्ज करायचा. नवरा-बायको असले तरी ज्याची चिठ्ठी त्याची.

त्या वर्षी दिवाळीनंतर नवऱ्याला एकतीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही त्याची पहिली संधी होती आणि शेवटचीही.

त्यानं जेवताना हे सगळं माझ्या सासूला समजावून सांगितलं. 

"म्हंजे नोकरी का?" सासूनं विचारलं.

"नोकरी नाई. हॉलिडे."

"म्हंजे सुट्टी."

"हो, पण काम कराचं."

"सुट्टी हाय तं काम कायले? अन् काम कराचं हाय तं सुट्टी कायची?"

"सफरचंद तोडाचे असतात आई, द्राक्षं तोडाचे असतात. मस्त पैसे भेटतात."

सासूनं ताटातला भात सावकाश कालवला. आमची दोन एकर धानाची शेती आहे, आणि रोवण्याच्या, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत माझा नवरा नेमका दुकानात 'सर्व्हर चालू होण्याची' वाट बघत असतो, हे तिला माहीत आहे. "घरच्या बांधीत कधी पाय नाई बुडवला," ती म्हणाली, "अन् तिथं जाऊन दुसऱ्याचे फळं तोडशीन. तोड बाप्पा."

नवऱ्यावर काही परिणाम झाला नाही. त्यानं दोनशे पानी वही केली. कोणत्या महिन्यात कुठल्या भागात कोणतं फळ, कुठून कुठे बस, कुठे राहायला स्वस्त. दुकानात तो झेरॉक्स मशीनशी इंग्रजीत बोलू लागला. कागद अडकला की मशीनच्या पाठीवर थाप मारून "व्हॉट हॅपन्ड, मेट?" विचारायचा. धाब्याचं लायसन्स रिन्यू करायला आलेला एक सरदारजी घाबरून दोन पावलं मागं सरकलेला मी स्वतः पाहिला आहे.

माझं नाव घालायची कल्पना त्याचीच. मी तेव्हा एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत तिसरीला शिकवत होते. स्वतः माहेरी सिहोऱ्यात मराठी शाळेत शिकून दुसऱ्यांच्या पोरांना इंग्रजीत दटावायचं, यात आमच्याकडे कोणाला काही गंमत वाटत नाही. शाळा सुटल्यावर मी दुकानात डबा घेऊन गेले होते. त्यानं स्वतःची नोंदणी सकाळीच केली होती, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. माझी त्यानं एका बाईचा रहिवासी दाखला अपलोड होईपर्यंतच्या वेळात केली.

"पॅन नंबर सांग."

"कायले?"

"सोबत लागला तं सोबत जाऊ. नाई लागला तं नाई."

"अन् माझाच लागला तं?"

तो हसला. वाईट नाही हसला, खरंच गंमत वाटली त्याला. "तुझा कायले लागन?"

मलाही ते पटलं. मी डबा उघडला.

आणि मग एके दिवशी शाळेत दुपारच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "दुकानात ये," एवढंच. आवाज असा होता की मला वाटलं कोणी तरी गेलं. मुख्याध्यापिकेला खोटं सांगून मी निघाले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं मॉनिटर माझ्याकडे फिरवला. माझ्या ईमेलचा पासवर्ड माझ्यापेक्षा त्यालाच चांगला माहीत होता, म्हणून पत्र आधी त्यानं वाचलं होतं. माझं नाव निघालं होतं. महिन्याच्या आत अर्ज करायचा होता.

"अन् तुझं?"

"अजून काई नाई."

पुढचे तीन दिवस त्यानं स्वतःचा ईमेल दर दहा मिनिटांनी उघडून पाहिला. नको असलेल्या मेलच्या डब्यात पाहिलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, मोबाइल बंद करून चालू करून पाहिलं. चौथ्या दिवशी त्यानं निष्कर्ष काढला की तिकडच्या लोकांचा गोंधळ झाला. पत्ता एक, फोन नंबर एक. त्यांनी बिचाऱ्यांनी नवऱ्याऐवजी बायकोचं नाव उचललं.

हे मला नंतर कळलं, कारण पाचव्या दिवशी माझ्या ईमेलवर तिकडून उत्तर आलं आणि ते मी आधी पाहिलं. जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही, असं त्यांनी अगदी अदबीनं कळवलं होतं. खाली त्यानं माझ्या नावानं पाठवलेलं मूळ पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की माझे पती या कामासाठी अधिक योग्य आहेत, त्यांनी फळांचा सविस्तर अभ्यास केलेला आहे, आणि मला स्वतःला यायची इच्छा नाही. खाली सही माझी, आणि 'आपली विश्वासू'.

सासूसमोर मी नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते, एकट्यात 'तू' म्हणते. त्या दिवशी सासू समोर भाजी निवडत होती आणि मी 'तू'च म्हटलं.

"हे तूनं लिवलं?"

त्यानं पाहिलं. "मंग काय कराचं होतं? तुले थोडी जाचं हाय."

"तूनं मले विचारलं का?"

"जाचं हाय का तुले?"

"मले मालूम नाई. पण विचारलं का?"

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मला कुठेही जायचं नव्हतं. ऑस्ट्रेलिया म्हणजे मला क्रिकेटच्या मॅचमध्ये दिसणारं हिरवं मैदान, एवढंच ठाऊक. पण माझ्या नावाखाली माझी इच्छा नाही हे वाचलं, आणि तीच नेमकी जागी झाली. यात थोडी खुन्नस होती, मी नाकारत नाही. निम्म्याहून जास्तच होती.

सासूनं निवडलेली मेथी बाजूला सारली. मला वाटलं आता माझी पूजा होणार.

"नंबर कोणाचा लागला?" तिनं विचारलं.

"हिचा."

"मंग हे जाईन."

"आई, एकटी? तिथं कोणी नाई आपलं!"

"तुयं कोण हाय तिथं? मामा हाय?" सासू म्हणाली. "तुले पाठवलं तं तू पंधरा दिवसात वापस येशीन. वरण पातळ झालं तं तुले चालत नाई, उशी बदलली तं झोप येत नाई. हे कुठंबी राहते. इथं नाई राहून राहिली का आपल्याजवळ?"

यात माझं कौतुक किती आणि त्यांच्या घरात राहणं किती कठीण याची कबुली किती, हे मी विचारलं नाही. विषय तिथं संपला. नवऱ्यानं मात्र माझ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे 'मीठ दे' आणि 'लाइट बंद कर' चालू, बाकी बंद.

तालुक्याचे फॉर्म भरणारा माणूस घरात, आणि मी मोबाइलवर दोन बोटांनी सगळं शोधत बसले. पासपोर्ट लग्नाआधीचा निघाला, त्यावर नाव माहेरचं आणि पत्ता सिहोऱ्याचा. आधारवर नाव सासरचं. म्हणजे सरकारी दृष्टीनं आम्ही दोघी होतो, आणि त्यातली जायला निघालेली सिहोऱ्याची. इंग्रजीच्या परीक्षेला नागपूरला गेले. तोंडी परीक्षेत समोरच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला आठवणाऱ्या एका सुट्टीबद्दल सांगा. मी आयुष्यात सुट्टीला गेले नव्हते. उन्हाळ्यात माहेरी जाऊन पापड लाटणं यांच्याकडे सुट्टीत धरतात की नाही कळेना. मग मी नागझिऱ्याच्या जंगलाबद्दल सांगितलं, जे आमच्या घरापासून इतकं जवळ आहे की आम्ही कधीच जात नाही. त्यात मी वाघ पाहिला, असं सांगितलं. मग बाईंचा चेहरा उजळला म्हणून त्या वाघाला दोन पिल्लं दिली. मार्क चांगले आले.

मग पोलिसांचा दाखला. माझ्यावर गुन्हा नाही, असा कागद हवा होता. पत्ता सिहोऱ्याचा, म्हणून चौकशी आधी माहेरी गेली. बाबांचा फोन आला. बाबा धान लावतात, फोन ते कोणी आजारी असेल तरच करतात.

"बाई, तूनं काय केलं? ठाण्यातून विचारून राहिले तुयाबद्दल."

"काई नाई बाबा. मी गुन्हा केला नाई असा कागद पाहिजे."

"नाई केला तं नाई केला. त्याचा कागद कायले लागते?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जावईबुवाले चालते का?" चालत नव्हतं, पण मी हो म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं, कारण जाशील का, घाबरशील का, असं त्यांनीही नाही विचारलं.

सासरच्या पत्त्याची चौकशी करायला हवालदार घरी आले ते दुपारी, जेवायच्या वेळेला. नवरा जेवायला आलेलाच होता. हवालदार भले माणूस होते. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, चहा घेतला, फाइल उघडली.

"तुमीच जाऊन राहिले ना, शेठ?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"नाई. ते."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत त्याच्याकडे. "मॅडम एकट्या? अन् तुमी?"

"मी इथं."

"लेकरंबाळं?"

"नाई अजून."

त्यांनी पेन कानामागून काढलं, थोडं पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची काई हरकत नाई ना? तसं असन तं सांगा. मी लिवतो."

सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी ट्रे हातात धरून उभी होते. नवरा एक शब्द बोलला असता तर माझी फाइल कुठेतरी खाली गेली असती आणि महिना सरून गेला असता. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. फायली कशा अडकतात, हे तर त्याचं रोजचं जेवण.

नवऱ्यानं हात पुढे करून हवालदारांच्या मांडीवरचा फॉर्म स्वतःकडे वळवला. वरून खालपर्यंत वाचला. मागची बाजू पाहिली.

"नवऱ्याच्या हरकतीचा रकाना नाई ह्याच्यात," तो म्हणाला.

"नाई, रकाना नाई, पण आपलं असंच..."

"रकाना नाई तं लिवता येत नाई. तुमी खाली सही करा. तारीख टाका. शिक्का आणला का?"

हवालदारांनी सही केली. ते गेल्यावर मी त्याच्याकडे बघत राहिले.

"काय पायतं?" तो चिडून म्हणाला. "खरंच नव्हता रकाना."

त्याच दिवशी दुकानात मी कोपऱ्यात बसून अर्ज भरायला घेतला. नवरा एका म्हाताऱ्याचा फोटो काढत होता. दोन-तीनदा वळून त्यानं माझी बोटं पाहिली. मी तारखेच्या जागी महिना आधी टाकला होता. त्याला ते सहन होईना. माणसावरचा राग तो महिनाभर धरू शकतो, चुकीची तारीख त्याला मिनिटभरही बघवत नाही.

"सरक," तो म्हणाला.

मी सरकले. त्यानं सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. कागद सरळ करून स्कॅन केले, नावातला फरक समजावणारं पत्र जोडलं, बँकेचा कागद जोडला. तिकडे कुठे राहणार, काय काम करणार, याबद्दल दोन ओळी लिहायच्या होत्या. त्यानं ड्रॉवरमधून वही काढली. मी म्हटलं, "मले सफरचंद नाई तोडाचे."

"काहून?"

"समुद्राजवळ राहाचं हाय. हॉटेलात काम करीन, भांडे घाशीन. मी समुद्र नाई पायला."

"सफरचंदाचा सगळा अभ्यास झालेला हाय माझा!"

"मंग तू तोड."

हे बोलायला नको होतं. बोलल्याबरोबर मला कळलं. तो वही हातात धरून बसला, मग त्यानं ती मिटून ठेवली आणि माझ्या दोन ओळी समुद्राच्या लिहिल्या. चांगल्या लिहिल्या. तीनदा वाचून झाल्यावर शेवटच्या बटणावर बाण नेऊन ठेवला आणि माउस सोडला. "तू दाब," म्हणाला.

उरली वैद्यकीय तपासणी. त्यांच्या यादीतला दवाखाना मला हैदराबादचा मिळाला. नवऱ्याचा तो शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखांचा आठवडा, म्हणून सोबत सासू आली. तिनं तीन दिवसांच्या प्रवासाला सात दिवसांचा चिवडा घेतला. दवाखान्यात सगळी शहरातली पोरं-पोरी, कानात यंत्रं घालून बसलेली. सासूनं प्रत्येकाला कुठे चालला, कायले चालला, लग्न झालं का, हे विचारून घेतलं. मला छातीच्या एक्स-रेला आत बोलावलं, तर ती मागोमाग आली आणि तिथल्या पोरीला म्हणाली, "आलोच हाओ तं माया गुडघ्याचाबी काढून द्या."

पोरीला मराठी येत नव्हतं. मी भाषांतर करायला नकार दिला. सासूनं मग हिंदीत सांगितलं, आणि गुडघ्यावरची साडी वर करून जागा दाखवली. तिथून तिला बाहेर काढेपर्यंत रांगेतल्या दोघांचे नंबर पुढे गेले. डॉक्टरांनी मला विचारलं, काही मोठा आजार? दाराबाहेरून आवाज आला, "हिले सर्दीबी होत नाई!"

दुपारी आम्ही तिथला मोठा तलाव बघायला गेलो. कठड्याला टेकून सासूनं बराच वेळ पाणी पाहिलं. "आपल्या तलावासारखे शिंगाडे नाईत," ती म्हणाली. "एवढं पाणी, अन् नुसतं ठेवलं."

व्हिसा आला तेव्हा मी शाळेत श्रुतलेखनाच्या वह्या तपासत होते. पासवर्ड मी तोपर्यंत बदलला होता, त्यामुळे ह्या वेळी पत्र पहिल्यांदा मीच वाचलं. दोनदा वाचलं. मग दुकानात फोन केला.

"आला," मी म्हटलं.

मागून झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. तो बंद झाला. "मले पाठव," नवरा म्हणाला. "प्रिंट काढतो." हा व्हिसा कागदाचा नसतोच, पासपोर्टच्या नंबरावर असतो, विमानतळावर कोणी प्रिंट मागत नाही. हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं पाच रंगीत प्रिंट काढल्या आणि पाचही लॅमिनेट केल्या.

गावात तोपर्यंत तीन बातम्या होत्या. एक, आमचं सोडचिठ्ठीवर आलं आहे. दोन, मला तिकडे मास्तरणीची सरकारी नोकरी लागली. तीन, मूलबाळ होत नाही म्हणून उपचाराला चालले. तिन्ही सासूनं दारातल्या दारात परतवल्या. "सुट्टीवर चालली," ती सांगायची. "कामाच्या."

निघायच्या आधीच दिवाळी येऊन गेली आणि नवऱ्याला एकतीस पूर्ण झाली. मी शेवयाची खीर केली. तो जेवायला आला, दोन वाट्या खाल्ल्या आणि हात धुवून मागच्या अंगणात नळाजवळ उभा राहिला. मी भांडी घेऊन गेले.

"राग हाय का अजून?" मी विचारलं.

"हाय."

"माझ्यावर?"

त्यानं विचार केला. तो खोटं बोलायचं टाळतो तेव्हा असा वेळ घेतो. "थोडा तुयावर. बाकी कोणावर हाय तेच समजून नाई राहिलं. कोणाचं चुकलं असतं तं बरं झालं असतं. तक्रार तं केली असती."

मी त्याचा ओला हात धरला. ते आमच्याकडे दिवसाढवळ्या कोणी करत नाही, शेजारची बाई गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. तिनं चौथी बातमी केली असणार.

"पत्र लिवलं ते चुकलं माझं," तो म्हणाला. मग लगेच, "पण इंग्रजी बरोबर होतं ना त्यातलं?"

"एक चूक होती."

"कुठं?"

मी सांगितलं नाही.

नागपूरच्या विमानतळावर दोघंही आले होते. दुकान त्यानं दिवसभर बंद ठेवलं, आणि शटरवर कारणाचा कागद प्रिंट काढून चिकटवला. सासूनं दारापाशी माझ्या पदराची पिन नीट लावली, पोटभर जेवजो म्हणाली, आणि दारावरच्या बंदूकधारी जवानाला विचारलं की आत जरा बसता येईल का. तो नाही म्हणाला. ती त्याच्याशी हुज्जत घालू लागली. नवऱ्यानं माझी बॅग ट्रॉलीवर चढवली, कागदांची पिशवी तपासली, पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला आणि पान उघडून फोटो पाहिला, जसा गिऱ्हाइकाचा बघतो.

"फोटो खराब हाय," तो म्हणाला. "माझ्याकडून काढाले पाहिजे होता."

मग मला खूप भीती वाटली. नको जाऊ, असं दोघांपैकी एकानं जरी म्हटलं असतं तरी मी राहिले असते, आणि आयुष्यभर त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडलं असतं. कोणी म्हटलं नाही. सासू जवानाला त्याचं गाव विचारत होती. मी पासपोर्ट दाखवला आणि ट्रॉली ढकलत आत गेले.